मोसम संपल्यावर

क्रिकेटचे वर्ष पंचांगातल्या वर्षाहून निराळे असते. ते दिवाळीच्या सुमारास उजाडते आणि शिमग्याच्या सुमारास मावळते. ज्यांचा संघ करंडक जिंकतो त्यांच्या दारी शिमग्यामागून लगेच गुढी उभी राहते. आमच्या घरी मात्र शिमगाच तेवढा यथासांग होतो, आणि तोही बहुधा महिनाभर आधी! मग चैत्र-वैशाखाचे ऊन, तळ गाठलेल्या विहिरी, पाण्याच्या टँकरची वाट पाहणारे हंडे, आणि ओसरीवर वर्तमानपत्र उलगडून बसलेला माझ्यासारखा एक निवृत्त शिक्षक. वर्तमानपत्रात या दिवसांत रणजी सामन्यांचे धावफलक नसतात. नसतात म्हणूनच जुने धावफलक डोळ्यांपुढे अधिक स्वच्छ दिसू लागतात. सामना चालू असताना माणूस फक्त आशा करीत असतो. विचार करावयास मोसम संपावा लागतो.

आमचा संघ म्हणजे कोणता, हे आधी सांगितले पाहिजे. गुजराताप्रमाणेच आपल्या राज्यातूनही रणजी करंडकासाठी तीन संघ उतरतात: एक मुंबई, दुसरा विदर्भ, आणि या दोहोंना वजा करून जे उरते तो महाराष्ट्र. साऱ्या राज्याचे नाव धारण करणारा हा संघ मुळात बाकी राहिलेल्या प्रदेशाचा आहे, यात थोडासा विनोद आहे खरा. परंतु वाटणीत ज्याच्या पदरी जे पडते त्यावरच त्याने प्रेम करावयाचे असते. आमच्या नांदगाव स्टेशनावरून मुंबईच्या गाड्या रात्रंदिवस धडधडत जातात. गावातल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी नोकरीच्या निमित्ताने कल्याण-ठाण्याकडे स्थायिक झालेले आहे. गावाचे मन मुंबईकडे ओढ घेते यात नवल नाही. पण क्रिकेटच्या नकाशावर नाशिक जिल्हा पुण्याच्या पदराला बांधलेला आहे, आणि म्हणून आम्ही महाराष्ट्राचे. मुंबईने २०२४ सालापर्यंत ४२ वेळा रणजी करंडक पटकाविला. आमच्या संघाने तो २ वेळा जिंकला, आणि त्यांतली दुसरी वेळ १९४१ सालची. त्या वर्षी माझे वडील अकरा वर्षांचे होते. माझ्या जन्माला अजून पुष्कळ अवकाश होता.

कोणाला वडिलोपार्जित जमीन मिळते, कोणाला कर्ज मिळते; मला वडिलांकडून हा संघ मिळाला. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आयुष्यात त्यांनी महाराष्ट्राचा एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नाही, तरी प्रो. दिनकर बळवंत देवधरांविषयी बोलताना ते आपल्या शेजारच्या आळीतल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलत. देवधर संस्कृतचे प्राध्यापक. वडिलांच्या लेखी त्यांच्या फलंदाजीइतकेच हेही महत्त्वाचे होते. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी वयाच्या पन्नाशीला टेकलेल्या या गृहस्थांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, आणि पुढे १९४४ साली, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके ठोकली. "संस्कृत शिकलेला मनुष्य लवकर थकत नाही," असा निष्कर्ष वडील यावरून काढीत आणि माझ्यापुढे रूपावली सरकवीत. देवधर एकशे एक वर्षे जगले. १९९३ साली ते गेले तेव्हा वडिलांचा हा सिद्धांत गावात कोणालाच खोडून काढता आला नाही.

त्याच सुवर्णकाळातली दुसरी गोष्ट विजय हजारे यांची. १९३९-४० च्या मोसमात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील ते पहिले त्रिशतक. पुढे तेच हजारे बडोद्याला गेले, आणि १९४६-४७ च्या मोसमात त्यांनी गुल महंमद यांच्यासमवेत होळकरांच्या संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी रचली. ती बडोद्याच्या खात्यावर जमा झाली. आमच्या तालुक्यातल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. गिरणेवरचे मोठे धरण आमच्या तालुक्यात, पांझणला बांधलेले आहे. भिंत आमच्या हद्दीत, आणि पाण्याचा मोठा लाभ खाली जळगाव जिल्ह्याच्या शेतांना. त्याबद्दल खालच्यांना दोष कसा द्यावा? पाणी उताराच्या दिशेने जाते आणि गुणी माणूस जिथे त्याची किंमत होते तिथे जातो. काठावर उभे राहून ते जाताना पाहणाराला मात्र एक प्रकारचा विरक्त स्वभाव आपोआप प्राप्त होतो.

परंतु आमच्या संघाचे खरे पुराण सुरू होते ते १९४८ च्या डिसेंबरात, पुण्यास. काठेवाडविरुद्धच्या सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर पोहोचले होते. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६. डॉन ब्रॅडमन यांचा त्या वेळचा जागतिक विक्रम नाबाद ४५२ धावांचा. तो मोडावयास दहा आणि गाठावयास नऊ धावा हव्या होत्या, आणि विश्रांतीनंतरची दोन-चार षटके त्यास पुरेशी होती. पण काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी विश्रांतीच्या वेळी डाव घोषित करण्याचा आग्रह धरला. तो मान्य होईना तेव्हा त्यांनी सामना सोडून दिला आणि संघासह ते निघून गेले. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. आमच्या घरात या प्रसंगाने एक वाक्प्रचार दिला. दूध उतू जाऊन पातेल्यात घोटभर उरले, गाडी डोळ्यांदेखत फलाटावरून हलली, मला परीक्षेत वर्गाला थोडे गुण कमी पडले, की वडील शांतपणे म्हणत, "नऊ धावा राहिल्या." त्यात राग नसे. आपले दुःख एकट्याचे नाही, एका मोठ्या परंपरेतले आहे, असे काहीसे आश्वासन मात्र त्यात असे.

त्याच मोसमात, १९४९ च्या मार्चमध्ये, पुण्यासच उपांत्य सामना झाला तो मुंबईशी. त्या एका सामन्यात २,३७६ धावा झाल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यात इतक्या धावा त्याआधी कधी झाल्या नव्हत्या आणि त्यानंतरही झालेल्या नाहीत. महाराष्ट्राने चौथ्या डावात ६०४ धावा काढल्या. चौथ्या डावात सहाशे धावा! एवढ्या पुरुषार्थाने दुसऱ्या कोणाचे राज्य आले असते. आम्ही ३५४ धावांनी हरलो. पराक्रम करून हरण्याची ही विद्या आमच्या संघाइतकी कोणास साधली असेल असे मला वाटत नाही.

माझ्या स्वतःच्या आठवणी येथून पुढच्या. १९७१ साली आम्ही अंतिम सामन्यात मुंबईशी भिडलो तेव्हा वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर ही मुंबईची मातबर मंडळी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होती. "या वर्षी नाही तर कधीच नाही," असे वडील म्हणाले. मुंबईच्या उरलेल्या खेळाडूंनी आम्हांला हरविले. मी तेव्हा बारा वर्षांचा. मोठ्या घराण्याचे नोकरसुद्धा आपल्याला जुमानीत नाहीत हे पाहून मुलाला जसे वाटेल तसे मला वाटले. १९९३ साली लुधियानास पंजाबने आम्हांला नमवून आपला पहिला करंडक उचलला. दुसऱ्यांच्या मंगलकार्यात आम्ही असे नेहमी उपयोगी पडत आलो आहोत. आणि मग उजाडला २०१४ चा जानेवारी. उपांत्यपूर्व सामन्यात, वानखेडे मैदानावर, मुंबईच्या घरात जाऊन महाराष्ट्राने मुंबईस धूळ चारली. केदार जाधवने त्या मोसमात बाराशेहून अधिक धावा केल्या. वडील तोवर निवर्तले होते. मी पाटावर त्यांची तसबीर ठेवली आणि तिच्यापुढे एक पेढा ठेवला. देवाधर्माच्या बाबतीत मी फारसा श्रद्धाळू नाही; पण काही प्रसंगी माणसाला श्रद्धा शेजाऱ्याकडून साखर उसनी आणावी तशी आणावी लागते. पुढच्याच महिन्यात हैदराबादेस अंतिम सामन्यात कर्नाटकाने आम्हांला ७ गडी राखून हरविले. त्या दिवशी तसबिरीकडे पाहण्याचे मी टाळले.

नंतरच्या दोन गोष्टी सांगितल्यावाचून हे पुराण पुरे होत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभंग भागी केली. हजारे आणि गुल महंमद यांची रणजीतली ५७७ धावांची जुनी भागी तिने मागे टाकली. म्हणजे गिरणेचे थोडे पाणी सत्तर वर्षांनी उलटे वाहिले! जागतिक विक्रम तेव्हा ६२४ धावांचा होता, श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांचा. तीस धावा राहिल्या होत्या, हाती विकेट होत्या, आणि कर्णधार स्वतः गुगळेच होता. त्याने डाव घोषित केला. निंबाळकरांना प्रतिपक्षाने अडविले. या वेळी आमचे आम्हीच थांबलो. सामना जिंकण्यासाठी वेळ हवा म्हणून थांबलो. सामना अनिर्णित राहिला.

दुसरी गोष्ट २०२५ च्या ऑक्टोबरातली. मोसमाचा पहिलाच सामना, तिरुवनंतपुरमला केरळशी. आमचे तीन गडी धावफलकावर एकही धाव लागण्यापूर्वी बाद झाले. पाच धावांवर चौथा गेला. तिथून ऋतुराज गायकवाडने ९१ आणि जलज सक्सेनाने ४९ धावा करून डाव सावरला आणि संघ २३९ पर्यंत पोहोचला. घरातली माणसे मला विचारतात, की असल्या संघात तुम्हांला काय दिसते? त्यांना मी हा धावफलक दाखवितो. शून्यावर तीन बाद आणि अखेर २३९: माझ्या ओळखीतल्या बहुतेक सज्जन माणसांची चरित्रे साधारण याच धर्तीची आहेत.

उन्हाळ्याच्या दुपारी या सर्व आकड्यांची जुळवाजुळव करीत बसले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. आमच्या पुराणात धावांचे डोंगर आहेत. बळींची गोष्ट फारशी नाही. ४४३, ६०४, ५९४ हे सारे आकडे फलंदाजांचे. पण सामना निर्विवाद जिंकावयाचा तर प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करावे लागतात. रणजीच्या साखळी सामन्यांत तशा विजयास ६ गुण मिळतात. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीबद्दल ३ मिळतात, पिछाडीस १. जो संघ धावा जमवितो पण गडी बाद करीत नाही तो तीन-तीनाच्या हप्त्यांनी संसार चालवितो, आणि वर्षाअखेरीस जमाखर्च पाहतो तो बाद फेरीचे दार बंद झालेले असते. आमची बरीच वर्षे अशी गेली आहेत. धावा हे वैभव आहे आणि ते लोकांना दिसते. गडी बाद करणे हे कष्टाचे काम आहे, आणि त्याची पोवाड्यात नोंद होत नाही. आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतही असे घडत नाही काय? मुलाने पहिला नंबर मिळविला की आपण पेढे वाटतो; ज्या माउलीने पहाटे उठून त्याचा डबा केला तिचे नाव धावफलकावर कोठे लागते?

शेजाऱ्यांकडे पाहून मन कधी खट्टू होते, कधी उभारी धरते. ज्या काठेवाडने १९४८ साली मैदान सोडले, त्याच भूमीच्या सौराष्ट्र संघाने २०२० आणि २०२३ साली करंडक जिंकला. विदर्भ १९५७-५८ पासून खेळत होता. साठ वर्षे त्याची कोणी दखल घेतली नाही. २०१८ च्या पहिल्याच दिवशी त्याने पहिला करंडक उचलला, दुसऱ्या वर्षी पुन्हा उचलला, आणि २०२५ साली तिसऱ्यांदा. म्हणजे १९४१ पासून आजवर आमच्या खात्यात जेवढे दोन करंडक आहेत तेवढे त्याने लागोपाठच्या दोन मोसमांत मिळविले. हे पाहून मत्सर वाटावा हे मनुष्यधर्माला धरून आहे, आणि मला तो वाटतोही. पण मत्सराच्या पाठोपाठ असाही विचार येतो, की साठ वर्षे थांबणारी माणसे नागपुरातही होती. तीही एखाद्या ओसरीवर बसून असेच आकडे मांडीत असतील.

इतके सारे केवळ विरंगुळ्याचे राहिले असते, तर मी ते लिहिले नसते. पण या उन्हाळ्यात आमच्या घरात एक खराखुरा प्रश्न उभा राहिला. माझा पुतण्या चौदा वर्षांचा आहे. डाव्या हाताने फिरकी टाकतो. नाशिकचाच सत्यजीत बच्छाव हा त्याचा आदर्श. २०२५ च्या जानेवारीत मी त्याला घेऊन नाशिकला, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, बडोद्याविरुद्धचा सामना पाहावयास गेलो होतो. महाराष्ट्राने तो ४३९ धावांनी जिंकला. विजय असा दणदणीत, आणि तरीही त्या वर्षी आम्ही बाद फेरीत पोहोचलो नाही, हे त्याला परतीच्या गाडीत समजावून सांगताना निफाडपासून मनमाडपर्यंतचा रस्ता पुरला. आता त्याच्या मामांचे म्हणणे असे, की मुलाला ठाण्यास पाठवा. तिकडे शिकविणारे आहेत, सामने आहेत, चार लोकांच्या नजरेत येईल. धाकट्या भावाला काय करावे ते सुचेना. त्याने मला विचारले, "दादा, तुम्ही सांगाल तसे करू. तुमच्याइतके यातले आमच्यात कोणाला कळते?"

एका हरणाऱ्या संघावर आयुष्यभर जीव लावून बसलेल्या माणसाला असा कौल लावणे, हा नियतीचा विनोदच म्हणावयाचा. त्या रात्री मला झोप आली नाही. तो मुंबईकडून खेळू लागला तर? वडिलांनी मला दिलेली ही मिरास माझ्यापाशीच संपावयाची, असा त्याचा अर्थ. निष्ठा हा सद्गुण आहे असे मी वर्गात चाळीस वर्षे शिकविले. पण अंथरुणावर पडल्या पडल्या मला दिसू लागले, की मी ज्या निष्ठेचे कौतुक करतो ती प्रेक्षकाची निष्ठा आहे. तिची किंमत फार तर एक पेढा आणि काही बेचैन रात्री. प्रेक्षक हरलेल्या संघाशी आजन्म एकनिष्ठ राहू शकतो, कारण त्याचे वय वाया जात नाही. चौदा वर्षांच्या मुलाचे जाते. हजारे बडोद्यास गेले त्याचे दुःख आम्हांला वारशाने मिळाले. पण ते न जाते तर त्यांचे काय झाले असते, हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणी विचारलाच नव्हता. निंबाळकरही अनेक संघांकडून खेळले. खेळाडूचे पहिले देणे त्याच्या खेळाशी असते. गावाशी असलेले देणे गावात राहणाऱ्यांनी फेडावे.

सकाळी मी धाकट्याला सांगितले, "जाऊ दे त्याला."

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, मी मुंबईकडून खेळलो, तर तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"महाराष्ट्राच्या," मी म्हणालो.

"मी खेळत असलो तरी?"

"तू खेळत असलास तरी."

त्याला हे उत्तर आवडले असावे. कारण तो हसला आणि चेंडू घेऊन अंगणात गेला. मुलांना आपल्या बाजूने झुकणारी वडील माणसे हवीशी वाटतात खरी, पण न झुकणाऱ्यांचा त्यांना आधार वाटतो, असा माझा शिक्षकी अनुभव आहे.

जिंकणाऱ्या संघाचे चाहते हे लग्नाला आलेल्या वऱ्हाडासारखे असतात. हरणाऱ्या संघाचे चाहते हे आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या घरच्या माणसांसारखे. वऱ्हाडी रुसतात, मानापमान करितात, आणि पंक्ती उठल्या की पांगतात. घरचा माणूस उशापासून उठत नाही, आणि उठत नाही म्हणून त्याची कोणी स्तुतीही करीत नाही, कारण तो दुसरे काय करणार? मी महाराष्ट्राची बाजू घेतो यात माझा मोठेपणा नाही. आडनाव, गाव आणि संघ या तीन गोष्टी निवडून मिळत नसतात. या आमच्या गावाकडे पाहा. पाऊस येथे भरवशाचा नाही हे प्रत्येकास ठाऊक आहे. तरी मृग लागला की नांगरटी झालेल्या रानात लोक आभाळाकडे पाहत उभे राहतातच. त्यांना आभाळाचा विश्वास वाटतो म्हणून नव्हे. रान तयार ठेवणे एवढेच आपल्या हाती असते, हे त्यांना ठाऊक असते म्हणून.

पुतण्या जूनमध्ये ठाण्यास जाईल. त्याची बॅग भरताना वहिनी पापड-कुरडयांचा डबा आत घालील, आणि मी त्याला देवधर, हजारे, निंबाळकर यांच्या गोष्टी पुन्हा एकदा सांगेन. निदान तेवढे पाणी धरणाखाली जाताना आमच्या मातीचा रंग घेऊन जावे. मग पावसाळा येईल, येणार असला तर. दिवाळीच्या सुमारास रणजीचे वेळापत्रक छापून येईल आणि मी ते कापून भिंतीवरच्या दिनदर्शिकेला टाचीन. पुढे आठ-दहा वर्षांनी एखाद्या मोसमात मुंबई आणि महाराष्ट्र समोरासमोर आले, आणि मुंबईच्या संघात एक डावखुरा फिरकी गोलंदाज नांदगावचा निघाला, तर त्या दिवशी मी देवाजवळ काय मागावे, याचा मी या रिकाम्या दिवसांत पुष्कळ विचार करून ठेवला आहे. त्याने डावात पाच गडी बाद करावेत, आणि आम्ही एक गडी राखून जिंकावे.